थंडीतल्या रिकाम्या जागा

४ नोव्हेंबर, सकाळ
मॉडेलवर शेवटचा हात फिरवला आणि का कोण जाणे, आमचं जुनं स्वयंपाकघरातलं टेबल आठवलं. ताई एका टोकाला, मी दुसऱ्या, मध्ये दोघींत एक खोडरबर. गृहपाठ ‘रिकाम्या जागा भरा’. उत्तर आलं नाही की ताई जागा सोडून पुढे जायची. मी काहीतरी भरायचेच. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर म्हणायच्या, चुकलेलं चालेल, कोरं चालणार नाही. मला नीटनेटकेपणाचं बक्षीस मिळालं, ताईला शेरा. घरी येऊन तिने खोडरबराचे दोन तुकडे केले आणि मोठा मला दिला. तुलाच जास्त लागेल म्हणाली. केवढं प्रेम!

निवृत्त झाल्यावर बायका विणकाम काढतात. मी मशीन लर्निंग काढलं. फोनवरून शिकवणारी ताईची मुलगी, म्हणजे माझी भाची. बाल्कनीत धूर मोजणारी डबी टांगली आहे. तिचे दोन हिवाळ्यांचे आकडे, तापमान, वारा, सगळं कॉम्प्युटरला दिलं की तो उद्याचा धूर आज सांगतो.

कारण ताईची फुप्फुसं. डॉक्टरांनी तिला बजावलं आहे: रोज चालायचं, पण धुराच्या दिवशी उंबरा ओलांडायचा नाही, असा एक दिवससुद्धा झेपणार नाही. आमचं गाव डोंगरांच्या वाटीत, घरोघरी कोळशाच्या शेगड्या. धुराचा दिवस कोणता, हे सांगणं आजपासून माझ्याकडे.

संकल्प: रोज सकाळी अंदाज. हवा चांगली तर बाल्कनीत हिरवा रुमाल, वाईट तर लाल. आळस नाही.

९ नोव्हेंबर
किरकोळ दुरुस्ती. थंडी फार झाली की डबीची बॅटरी गोठते आणि पडद्यावर नुसत्या रेघा येतात. दोन्ही हिवाळ्यांतल्या त्या दिवसांचे रकाने कोरे होते. प्रोग्रॅम कोऱ्या रकान्यांवर अडून बसतो, हट्टी मुलासारखा. मी सगळीकडे शून्य भरलं. डबीला काही दिसलं नाही म्हणजे काही नसणार. आता तक्ता किती स्वच्छ दिसतो!
भाचीला सांगायचं राहिलं. तिला बिचारीला कामं असतात.

१७ नोव्हेंबर, दुपार
परीक्षा घेतली. शंभरात ब्याण्णव. कडाक्याच्या थंडीच्या दिवसांवर तर मॉडेल एकदाही चुकलं नाही. मी शून्य भरलेलं, त्यानेही शून्यच सांगितलं. माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत असा विद्यार्थी मिळाला नाही.

खालच्या मजल्यावरच्या कॅशियरसाहेबांना हे जिन्यात सांगितलं. ते म्हणाले, मग तुमच्या यंत्राला माझी बायको माहेरून कधी येते तेही विचारा. बँकेत जन्म घालवलेला माणूस, दुसऱ्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवणं जड जातं.

२६ नोव्हेंबर
रुमाल गाजतो आहे. लोक मान वर करून बघतात आणि मग मफलर नाकावर घ्यायचा की नाही ते ठरवतात. लाल दोनदा लावला, दोन्हीदा खरंच धूर. कॅशियरसाहेब टिंगल करतात, पण वर बघितल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. मी पडद्याआडून पाहिलं आहे.
ताई रोज कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जाऊन येते. म्हणते, तू हिरवं दाखवलंस की मला शाळा सुटल्यासारखं वाटतं.

३ डिसेंबर
जिना चढताना ताई मध्येच थांबली. पायरीवर बसून बूट न्याहाळत राहिली. मी विचारलं तर म्हणाली, लेस बघते आहे. ते बूट चेनचे आहेत. नवीन आहेत, जड पडत असणार. बदलून आणायला हवेत.

१२ डिसेंबर
पारा उतरतो आहे. समोरच्या धुराड्यातला धूर हातभर वर जातो आणि छपरावर आडवा पडून राहतो. पाखरं दिसत नाहीत. मलाही खोकला आहे. परवा कपाट आवरलं त्याची धूळ.
मॉडेल म्हणतं, जसजशी थंडी वाढेल तसतशी हवा स्वच्छ. किती दिलासा वाटतो.

संध्याकाळी भाचीचा फोन. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने विचारलं, डबी बंद पडायची त्या दिवसांचं मी काय केलं. नीट भरलं, म्हटलं. काय भरलं, असं तिने पुन्हा विचारलं. मी आवाज तुटतोय म्हणाले. खरं तर आवाज इतका स्वच्छ येत होता की तिची काळजीसुद्धा ऐकू येत होती. पण तरुण मुलींना एकदा खुसपट काढायची सवय लागली की सुटत नाही.

१९ डिसेंबर
डबी गोठली. पडद्यावर रेघा.
दुपारी दिवे लावावे लागले. प्रत्येक दिव्याभोवती पिवळट कडं. खिडकीच्या चौकटीवर काजळी. पुसली, तासाभराने पुन्हा होती. कॅशियरसाहेब दाराच्या फटींत ओली फडकी कोंबत होते. मी म्हटलं, उद्यासाठी उगाच कष्ट घेताय. त्यांनी आणखी एक फडकं पिळलं. टिंगलसुद्धा केली नाही.
उद्याचा अंदाज: शून्य. दोन हिवाळ्यांतला सर्वांत स्वच्छ दिवस.
संकल्प: बाहेर बघून घाबरायचं नाही. विज्ञान म्हणजे शिस्त.

२० डिसेंबर, सकाळ
ताई कोट घालून दारात उभी राहिली. खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे.
“नक्की ना गं?”
“अशा दिवसांवर ते एकदाही चुकलेलं नाही, ताई.”
तिने चेन वर ओढली. “तू म्हणतेस ना, मग झालं.”
हिरवा लावला. बाल्कनीतून तिची लाल टोपी पहिल्या दिव्यापर्यंत दिसली, पुढे नाही. धुकं आज अगदी दाट, चित्रातल्यासारखं.

२० डिसेंबर, दुपार
यायला उशीर होतो आहे. कुणीतरी भेटलं असेल. ताईला बोलायला आवडतं.

२१ डिसेंबर, हॉस्पिटल
कॅशियरसाहेबांना ती बाकावर सापडली. बोलत नव्हती. अंगावर त्यांचा कोट टाकून त्यांनी तिला आणलं. ते तरी अशा हवेत का बाहेर पडले, असं मी विचारलं. तेही खोकत होते. म्हणाले, “हिरवा होता ना, बाई.”

वॉर्डात जागा नाही, व्हरांड्यातही खाटा. डॉक्टर म्हणाले, कडक थंडीत हवेवर झाकण बसतं, धूर वर जातच नाही; कालच्यासारखा विषारी दिवस त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेला नाही. बाहेर कुणी पाठवलं, असं त्यांनी विचारलं. तेवढ्यात नर्सने त्यांना हाक मारली. बरं झालं, त्यांना फार कामं होती.

२२ डिसेंबर
भाची आली. आईजवळ बसली, मग माझा लॅपटॉप मागितला. तक्ता वर-खाली केला. बराच वेळ एकाच जागी बोट ठेवून राहिली.
“मावशी, ही शून्यं तू भरलीस?”
कोरं बरं दिसत नव्हतं, असं मी सांगितलं. तिने लॅपटॉप मिटला, अगदी हळू, झोपलेलं कुणी जागं होऊ नये तसा. मग आईच्या खाटेकडे परत गेली.
संकल्प: बॅटरीसाठी लोकरीचं कव्हर विणायचं. मूळ दोष बॅटरीचा आहे.

२४ डिसेंबर
बॅटरीचा नाही.

ताईने मास्क बाजूला करून मला जवळ बोलावलं आणि लिही म्हणाली. इतकी घाई कशाला, घरी गेल्यावर आवरू, असं मी म्हटलं. तिला आवराआवरीची सवयच आहे, एवढंच. तिने पेनाकडे बोट दाखवलं. लिहिलं. एकेका वाक्यानंतर तिला थांबावं लागत होतं.

बूट लेकीला. एक नंबर मोठे आहेत, दोन मोजे घालून वापर म्हणावं. चांगली शाल कॅशियरसाहेबांना, आणि त्यांचा कोट धुऊन मी स्वतः नेऊन द्यायचा, कुणाच्या हाती पाठवायचा नाही. लाल टोपी कुणाला हवी असेल तर. बाकापाशी पडली असेल. डबी माझ्याकडेच ठेवायची. “ती बंद पडली की दार लावून घरात बसायचं. तेवढं ती बरोबर सांगते.” खोडरबराचा लहान तुकडा तिच्या शिवणाच्या डब्यात अजून आहे, तोही मला.

मी विचारलं, हिरवा रुमाल कुणाला?

ताईने माझ्याकडे बघितलं. रागावून नाही, शाळेत तिला उत्तर यायचं नाही तेव्हा बघायची तसं. मग मास्क पुन्हा लावला आणि डोळे मिटले.

हिरवा रुमाल: 

इथे तिने नाव सांगितलं नाही. मी काही भरलेलं नाही.