वरून निरोप आला होता

ता. ९ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी असशील आणि गुडघा आता पूर्वीसारखा छळत नसेल. इतकी वर्षं रोज सकाळी आपण फोनवर बोललो, पण एकमेकींचं अक्षर कधी पाहिलं नाही. माझं हे असं आहे, मुंग्या सैरावैरा पळाल्यासारखं. सांभाळून घे.

पत्र लिहायची वेळ आली, कारण पूर नियंत्रण कक्षातला आपला फोन काढून नेला. दोन माणसं आली, तार गुंडाळली, माझी सही घेतली आणि गेली. आता तुमच्या धरणातल्या पाण्याची खबर तुमच्या राजधानीतून आमच्या राजधानीत जायची आणि तिथून माझ्या टेबलावर यायची. तोवर ते पाणी समुद्राला मिळालेलं असेल.

इकडे सगळे सुखरूप आहेत. त्या दुपारी तू म्हणालीस, "खालची, ऐक. वरून हुकूम यायचाय, पण दारं उघडावीच लागणार. तू माणसं हलव." मी लगेच भोंगा वाजवला. नदीकाठची सगळी वस्ती पाणी यायच्या आत शाळेत पोचली होती. आमचे सासरे तेवढे हटून बसले. "असल्या वरच्यांना मी भीक घालत नाही," म्हणाले. शेवटी दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून नेलं. सबंध रस्ताभर ते खुर्चीत बसून तुमच्या देशाचा उद्धार करत होते, आणि मधूनच उचलणाऱ्यांना, "अरे, डावीकडे खड्डा आहे," म्हणून बजावत होते. घरात छातीएवढं पाणी चढलं. भिंती अजून ओल्या आहेत. पण माणूस एकही गेला नाही.

नगरपालिकेने माझा सत्कार केला. मला नको होता, पण आमचे साहेब म्हणाले, नाही म्हणणं बरं दिसत नाही. काचेची एक पाटी दिली आहे. ती कपाटावर ठेवली आहे, तोंड भिंतीकडे करून.

मधे सरहद्दीच्या पुलावर थोडी गडबड झाली, त्यामुळे नाका बंद आहे. मी तेव्हा कामावरच होते. आवाज फार येत होता म्हणून खिडकी लावून घेतली.

पेपरात काहीबाही छापून येतं. त्यावर विश्वास ठेवू नकोस. टपाल अजून चालू आहे म्हणतात. पत्र पोचलं की दोन ओळी लिही.

तुझी,
खालची


ता. १८ सप्टेंबर

बाई,

पत्र मिळालं. गुडघा आहे तसाच आहे.

पेपरावर विश्वास ठेवू नको म्हणतेस. आमच्या पेपरात पुराच्या चौकशीतल्या तुझ्या जबाबातलं एक वाक्य छापून आलंय. 'वरून कोणताही निरोप आला नव्हता.' शेजारी तुझा फोटो, हातात काचेची पाटी. फोटो छान आलाय.

माझी नोकरी जाऊ नये म्हणून तू असं बोलली असशील, अशी मी आधी स्वतःची समजूत घातली. पण त्या दुपारी तुला सांगून फोन ठेवला आणि मी सरळ आमच्या साहेबांच्या खोलीत गेले. सांगितलं की हुकमाची वाट न बघता मी खाली कळवलंय. आधी तापले. मग म्हणाले, "बरं केलंत, माझा राजधानीला फोनच लागत नाहीये." माझ्या नोकरीला तेव्हा काही धोका नव्हता. आता आहे. आता इथे जो तो विचारतो, "तू खरंच फोन केला होतास ना?" कालपासून साहेबही विचारायला लागलेत.

आणि पुलावरची ती 'थोडी गडबड'. तिथे अडवलेला टँकर चालवणारा माझा धाकटा भाऊ होता. तुमच्या शाळेतल्या लोकांसाठी प्यायचं पाणी घेऊन निघाला होता. मीच पाठवला होता. "न सांगता बुडवता आणि आता पाणी पाजायला येता?" म्हणत लोकांनी त्याला खाली ओढला. जबडा तारेने बांधलाय. पातळ असेल तेवढंच पोटात जातं. बोलता येत नाही, त्यामुळे कोणी मारलं तेही त्याने अजून सांगितलेलं नाही.

तू खिडकी लावलीस ती हे बघायच्या आधी, की बघितल्यावर?


ता. ६ ऑक्टोबर

ताई,

बघितल्यावर.

टँकर पुलाच्या मध्यावर थांबला, त्यांनी दार उघडलं, त्याला ओढला, हे सगळं मी उभ्याने पाहिलं. तो तुझा भाऊ आहे हे मला माहीत नव्हतं. पण कुणाचा तरी आहे, हे दिसत होतं की. भोंग्याचं बटण माझ्या हाताशी होतं. दाबलं असतं तर पाणी आलं म्हणून सगळे पांगले असते. ते मनात आलंही होतं. पण मग विचारलं असतं, भोंगा का वाजवला? आणि त्यांना आवरायला जावं, तर ते चिडले होते ते माझ्याच शब्दावर. मी खिडकीची कडी घातली आणि पाण्याचे आकडे लिहीत बसले. कुठलं पाणी! नदी तेव्हा केव्हाच उतरली होती.

तो जबाब कसा झाला ते सांगते. चौकशीचे साहेब फार गोड बोलणारे. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "तुम्ही स्वतःच्या अंदाजाने भोंगा वाजवलात आणि एवढी माणसं वाचवलीत. कौतुक आहे." शेजारी आमचे साहेब बसले होते, मान डोलवत. आणि मग सहज विचारावं तसं, "वरून काही निरोप आला होता?" मी नाही म्हटलं.

त्या दिवसापासून मी घोकत होते, ताईसाठी केलं, हुकमाआधी परस्पर कळवायला बंदी आहे, तिला शिक्षा झाली असती. तुझ्या पत्राने ती सबबही गेली. खरं एवढंच आहे की परस्पर बोलल्याबद्दल माझ्यावर ठपका येईल याची भीती होती. आणि भीतीपेक्षाही लाजिरवाणी गोष्ट म्हणजे, 'स्वतःच्या अंदाजाने' हे शब्द मला आवडले होते. मला तसं कधी कुणी म्हटलं नव्हतं. मी ते ठेवून घेतले. तुझे होते ते.

पत्र वाचून मी त्या चौकशीच्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, आता निवळतंय सगळं. कशाला उकरून काढता?" निवळत काहीच नव्हतं. आधी तो जबाब मागे घ्या, मगच बोलू, असं म्हणून तुमचे इंजिनियर पुराच्या निरोपांबद्दलच्या बैठकीला यायला तयार नव्हते. आणि पुढचा पाऊस काही आमच्या बैठकीसाठी थांबला नसता. तेव्हा मी शाळेत गेले. लोक अजून तिथेच राहतात. नगराध्यक्ष गाद्या वाटत होते. बोलायचं ते पाठ करून गेले होते, ते सगळं विसरले. एवढंच तोंडून निघालं, "वरून निरोप आला होता. तिथल्या बाईंनी फोन केला म्हणून आपण जिवंत आहोत. मी खोटं बोलले."

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. आमच्या रस्त्यावरचा सलूनवाला म्हणाला, "म्हणजे त्या टँकरवाल्याला आम्ही..." आणि हातातली गादी तिथेच टाकून बाहेर गेला. सासऱ्यांनी मान खाली घातली. लग्न होऊन आल्यापासून त्या माणसाला मी पहिल्यांदा गप्प बसलेलं पाहिलं.

घरी आले तर हे भिंतीचा ओला गिलावा खरवडत होते. त्यांच्या कानावर आधीच गेलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुलावर मीही होतो."

मी विचारलं, "हात उचललात?"

"माझी बायको तिथे एकटी बसलेली, आणि तिला न सांगता यांनी पाणी सोडलं. डोक्यात तेवढंच होतं," म्हणाले. मग खरवडायला लागले. भिंत केव्हाच साफ झाली होती तरी खरवडत राहिले. पुढचं मी कुठल्या तोंडाने विचारणार? त्यांच्या डोक्यात जे होतं ते मीच तर घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते चौकीत गेले आणि आपलं नाव देऊन आले. मागोमाग सलूनवाला गेला. आणखी काहीजण गेले, काही नाही गेले. भावाला सांग, नावं सांगायचं ओझं त्याच्या एकट्यावर नाही. त्याला भेटायला यावं असं ह्यांना वाटतं. मी नको म्हटलं. भेटायचं की नाही ते तो ठरवील.

जबाब मी बदलून दिला आहे. पहिल्या वेळी पेपरने पहिल्या पानावर छापला होता, आता आतल्या पानावर, जाहिरातींच्या खाली छापलाय. कात्रण टाचलं आहे. तुमच्या साहेबांना दाखव, आणि जे जे विचारतात त्या सगळ्यांना दाखव. पाटी परत केली. घेणाऱ्या कारकुनाला ती कुठे ठेवायची कळेना. मला भांडारात बसवलं आहे. दोरखंड, कंदील, रबरी बूट असं काय काय आहे इथे. चौकशी चालू आहे, नोकरी राहील की नाही माहीत नाही.

परवा पुलावर टेबल टाकून दोन्हीकडचे इंजिनियर बसले, हे तुला कळलंच असेल. मी भांडाराच्या दारातून पाहत होते. तुमच्या खोलीतून आमच्या खोलीत थेट फोन, राजधान्यांना मागाहून नुसतं कळवायचं, असं लेखी ठरलं. आपण दोघी चोरून करायचो ते आता रीतसर होईल.

माझ्या जागेवर उद्यापासून दुसऱ्या बाई बसतील. करवसुलीतून आल्या आहेत. जरा घाबरट आहेत, प्रत्येक आकडा दोनदा विचारतील. आमच्या बाजूचा आवाज ऐकून तुझं मन विटेल, हे मला कळतं. पण त्यांच्याशी तुटक बोलू नकोस. त्यांनी तुझं काही वाईट केलेलं नाही. पाणी वाढायला लागलं की मला जसं सांगायचीस तसंच त्यांना सांग, हुकूम यायच्या आधी.

या पत्राला उत्तर नको. माफी मागायचीही माझी हिंमत नाही. ती मागितली की द्यायची की नाही याचा भार पुन्हा तुझ्यावरच पडायचा.

फोन मात्र कर. त्यांना.

जिची तू ताई होतीस,
ती