चष्मा काढून ऐकणारा साहेब

बुधवार, संध्याकाळ. तळेगाव.

कंपनीने साहेब लोकांना कादंबऱ्या वाचायला दिल्या, भावनिक बुद्धिमत्ता वाढावी म्हणून. वाढली. आमची वाट लागली.

आईला जाऊन शुक्रवारी वर्ष होतंय. घरी पुण्यानुमोदन आहे, भंतेजी येणार आहेत. सुट्टी मागायला आमच्या देशमुख साहेबाकडे गेले. पूर्वी हा माणूस अंगावर यायचा. "तुमच्याच घरी बरे सारखे कार्यक्रम असतात," असं सगळ्या लाइनसमोर ओरडायचा. मग चहाच्या सुट्टीपर्यंत त्याचं मन त्यालाच खायचं आणि स्वतः येऊन "जा, पण सोमवारी वेळेवर ये" म्हणायचा. आम्हाला ते पाठ होतं. बोलणी खायची, सुट्टी घ्यायची.

आज त्याने चष्मा काढला. मला बसवलं. म्हणाला, "आई कशी होती, सांग ना." मी मूर्ख, सांगत बसले. सेकंड शिफ्टहून मी येईपर्यंत ती जेवायची थांबायची, हेसुद्धा सांगितलं. त्याचे डोळे भरून आले. मग चष्मा पुसत शांतपणे म्हणाला, "तुझं दुःख मी समजू शकतो. पण शुक्रवारी माल जायचाय, सुट्टी नाही जमणार."

ओरडला असता तर चहापर्यंत पाघळला असता. आता कशाला पाघळेल? रडून मोकळा झाला, तेही माझ्या आईवर. चहाला चष्मा लावून मजेत बिस्कीट खात होता.

आणि मी? उठताना त्याला काय म्हणाले मी?

"थँक यू, सर."