नववा नमुना

बाबा, आज मी मोठ्या माणसाला उलट बोलले. तुम्हाला आवडलं नसतं, आणि नाही आवडलं तरी आज माझं काही अडलं नसतं.

मेंदूच्या ज्या गाठीनं तुम्हाला नेलं, तसल्याच गाठींच्या पेशी मी नागपूरच्या प्रयोगशाळेत वाढवते. पेशीत 'वाढ, वाढ' असे निरोप फिरत असतात. मायक्रोआरएनए नावाचा बारीकसा तुकडा त्या निरोपाला चिकटतो आणि तो वाचूच देत नाही. रामाकोन्याच्या आपल्या बागेत संत्र्याच्या झाडावर पानसोट, ती नुसतीच फोफावणारी वांझ फांदी, दिसली की तुम्ही हातानंच मोडायचात, तसंच काहीसं. गाठीत असा एक तुकडा कमी झालेला असतो, तो मी परत घालते. आठ रोग्यांच्या पेशींची वाढ मंदावली. नवव्याच्या पेशी मात्र उलट जोमानं वाढल्या, तीनदा करून पाहिलं तरी. आज सर म्हणाले, "नववा नमुना गाळून टाक, नाहीतर थिसिस वर्षभर लांबेल." मी म्हटलं, "लांबू द्या. उद्या हेच औषध अशा माणसाला दिलं तर?" सर लालबुंद झाले. फेलोशिप बंद होईल म्हणाले. होऊ दे.

सौंसरचं आपलं तेव्हाचं स्वयंपाकघर अजून डोळ्यांपुढे आहे. तुम्ही सकाळी उठता, डोकं गच्च धरता, मोरीत ओकता. हातातून पेला सुटतो. तुमचे थोरले भाऊ, मोठेबाबा, दारातूनच सांगतात, "बाहेरचं लागलं हाये याले. जामसांवलीच्या देवळात नेऊन बसवू." मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्हीच मला दटावता, "मोठ्यायच्या मधात बोलाचं नाही पोरी. चूप राय." सव्वा महिना आपण त्या देवळात राहिलो. देवाचा दोष नाही, डॉक्टरकडे जाऊ नका असं त्यानं कुठं सांगितलं होतं? स्कॅन झाला तेव्हा गाठ हाताबाहेर गेली होती. लवकर गेलो असतो तर तुम्ही वाचला असता असंही मी म्हणत नाही. या गाठी फार थोड्यांना सोडतात. पण ते दिवस तुमच्या हक्काचे होते. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावते, बाबा.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. आईला वाटतं, तेव्हा मला काही कळत नव्हतं. कॉलेजच्या लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकात मी तुमची सगळी लक्षणं वाचली होती. ते पुस्तक मी जामसांवलीलाही नेलं होतं. सव्वा महिना ते तुमच्या उशाशी माझ्या पिशवीत होतं, आणि मी ते बाहेर काढलं नाही.