न विचारता घेतलेला ठेका

२५ एप्रिल
आले एकदाची नॉटिंगहॅमला! खोली लहान आहे, पण खिडकीसमोर बहरलेलं चेरीचं झाड आहे. सोमवारपासून हॉस्पिटलात फिजिओची नोकरी सुरू. परीक्षित मात्र स्लाऊलाच राहणार आणि शनिवार-रविवारी येणार. लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी आम्हा नवराबायकोचा संसार रेल्वेच्या तिकिटांवरच चाललाय. असो, आज तक्रार नको. शेजारच्या रोवनने ओळखपाळख नसताना केक आणून दिला. ती पेगन आहे, निसर्गपूजक. एक मेला त्यांचा बेल्टेन नावाचा सण असतो. जंगलाच्या कडेला शेकोटी पेटवून तिच्याभोवती ढोल वाजवतात, गातात. मलाही ये म्हणाली. पुण्यात पथकात ताशा वाजवलेल्या बाईला आणखी काय हवं!

१ मे
माणसं गोड आहेत, पण वाजवणं! गाणं एका गतीत, टाळ्या दुसऱ्याच, आणि कुणी चुकलं की सगळे एकमेकांना सॉरी म्हणतात. मूळ ठेका ग्लेनिस नावाच्या म्हाताऱ्या बाईंकडे होता. त्यांचे हात थरथरत होते, ठेका ढासळत होता, तरी एक जण उठेल तर शपथ. मला राहवेना. पथकात कुणी दमलं तर विचारत बसत नाहीत, पुढे होऊन वाद्य आपल्याकडे घेतात, ठोका न चुकवता. मी तेच केलं. सगळ्यांच्या टाळ्या तिथेच थांबल्या. ग्लेनिसबाईंनी रडत मला मिठी मारली आणि हात खिशात घालून मागे न बघता निघून गेल्या. ढोल तुझ्याकडेच ठेव, असं रोवन म्हणाली.

३ मे
डावा हात थांबत नाहीये. टेबलावर, मांडीवर, सगळीकडे तोच ठेका. आज पेशंटचा गुडघा धरला तर त्याच्यावरही सुरू. बिचारा हसला, मला मात्र शरमेने मेल्यासारखं झालं.

४ मे
वैतागून हात उशीखाली दाबला. छातीतली धडधड बंद पडली. खरंच बंद. डोळ्यांपुढे अंधारी आली. हात निसटला, ठेका लागला, तेव्हा कुठे श्वास आला.

५ मे
रोवनला जाऊन झापलं. तिने आधी चहा केला. असा संताप आला! म्हणे हा ठेका थांबला की धरणारा संपतो. सुटका एकच, दुसऱ्या कुणीतरी आपणहून ढोल काढून घ्यायचा. मग तो त्याच्या गळ्यात. मागितलेलं चालत नाही, सुचवलेलंही नाही. आणि दुसऱ्याच्या ढोलाला न विचारता हात लावणं म्हणजे यांच्याकडे उद्धटपणा! इतक्या सगळ्या सभ्य माणसांमध्ये ती म्हातारी वर्षानुवर्षं एकटी वाजवत बसली. मला आधी का नाही सांगितलंत, असं विचारलं. तर म्हणे, तू कुठे विचारलंस?

७ मे
रजा टाकली. झोप नाही. बोटं फुटलीत. ढोल मांडीवर आहे, डाव्याने वाजवतेय, उजव्याने लिहितेय.
परीक्षितला येऊ नकोस म्हणून सांगितलं. कारण विचारतोय. काय सांगू? पथकात तो माझ्या शेजारीच उभा असायचा. मी दमले की तोच—

९ मे
आलाच. नको म्हटलं की हा येणारच, हट्टी मेला!
सांगते. सगळं सांगते, आधी पाणी तरी पिऊ दे त्याला—
बोटं बघितली माझी. बॅग तिथेच टाकली. येतोय. विचारणार नाही तो, कधीच नाही विचारत—
नको म्हणायला तोंड उघडलं आणि—
मिटलं.

थांबला. हात थांबला माझा. किती बरं—
मस्त ठेका आहे, म्हणतोय. हसतोय अजून.
मला परत घेता येईल. न विचारता. मला येतं ते. उठते आणि काढून घेते त्याच्याकडून, फक्त एक मिनिट पाठ टेकते, एकच मि