भावाचं लॉगिन

३ फेब्रुवारी
आज नाशिकला अंबडच्या कंपनीत रुजू झालो. माझा धाकटा भाऊ हर्षल इथलं नेटवर्क सांभाळायचा. दिवाळीनंतर कसारा घाटात त्याची गाडी दरीत गेली. मालक सावळीराम साहेबांनी त्याच्या जागी मला घेतलं. सगळे चांगले वागले. स्टोअरमधला गोटीराम म्हणाला, वाल्मीकभाऊ, आम्ही जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या नेटवर क्रिकेट बघायचो, ते तुमच्या भावाने बंद केलं, तुम्ही तरी चालू करा. सगळे हसले. बऱ्याच दिवसांनी मीही हसलो.

६ फेब्रुवारी
ऑफिसातल्या वेदिका मॅडमनी हर्षलने बसवलेली फायरवॉल, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कची राखण, समजावली. जुनी गेटवरच्या वॉचमनसारखी होती, कोणत्या दारातून आलं एवढंच बघायची. ही माणूस कोण, अ‍ॅप कोणतं, त्यातून काय जातंय, सगळं बघते. अकाउंटवाल्यांना बँक उघडते, मशीनवरच्या कामगारांना नाही. माणूस घरून काम करो की दुसऱ्याच्या टेबलावर बसो, नियम त्याच्या नावाबरोबर जातात. नाव दुसऱ्याच कुणी वापरलं तर, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, लॉगिन बरोबर असलं की तिच्यासाठी तो तोच. चेहरा तिला दिसत नाही.

फायरवॉलच्या नावांमध्ये हर्षल अजून आहे. वर्षश्राद्ध होईपर्यंत गेलेल्या माणसाचं नाव साहेब काढू देत नाहीत, ना हजेरीतून, ना लॉकरवरून. बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी
काल जेवणाच्या सुट्टीत फायरवॉलच्या स्क्रीनवर हर्षलच्या नावापुढे हिरवा ठिपका आला. व्हिडिओ कॉल चालू. पासवर्ड कुणाला तरी माहीत असेल, असं मॅडमना वाटलं. मी तो लगेच बदलला. आज पुन्हा तेच. मशीन म्हणून फायरवॉल त्याचाच लॅपटॉप दाखवते. तो लॅपटॉप गाडीत चिरडला होता. त्याचे तुकडे मीच गोळा केले होते.

१५ फेब्रुवारी
सटाण्याला आईला फोन केला. आवाज कधी नव्हे तो हलका होता. म्हणाली, "तो रोज बोलस मन्हासंगे." हर्षल, रोज जेवणाच्या सुट्टीत, व्हिडिओ कॉलवर. त्याला थंडी वाजते म्हणे. एकटा आहे, घाटात ये, म्हणतो. ती जायचं म्हणते. शेजारच्या चिमणाबाईंना लक्ष ठेवायला सांगितलं. दुसरं काय करणार.

१७ फेब्रुवारी
नाव काढू का, असं साहेबांना विचारलं. म्हणाले, अरे, वर्ष तरी होऊ दे, सख्ख्या भावाला बाहेर काढतोस का. मग त्यांना न सांगता नियम टाकला. हर्षल, सर्व अ‍ॅप, बंद. ठिपका लाल झाला.

आईचा फोन आला. बोलता बोलता तो मध्येच गेला म्हणाली. फार रडली. मी ऐकून घेतलं.

१९ फेब्रुवारी
काही नाही. झोप लागली. आई बोलत नाही माझ्याशी. चालेल. घरी आहे तेवढं पुरे.

२० फेब्रुवारी
हर्षलचा ठिपका लालच आहे. पण माझ्या नावापुढे दोन मशीन दिसतात. एक माझ्यासमोरचं. दुसरं त्याचा लॅपटॉप. व्हिडिओ कॉल चालू —

माझंच नाव बंद करायला गेलो. मी बाहेर फेकला गेलो. लॉगिन अमान्य. मॅडमच्या स्क्रीनवर वाल्मीक अजून हिरवा —

नंतर
चिमणाबाईंचा फोन. आई सकाळीच एसटीने निघाली. वाल्मीकने फोनवर बोलावलंय, नाशिकच्या स्टँडवर तो घ्यायला येणार आहे, असं सांगून गेली. मी बोलावलं नाही. मी —

आईला लावला. उचलला. नाशिक मागे टाकून गाडी कसारा घाट उतरतेय म्हणाली. आई, उतर, मी वाल्मीक बोलतोय, म्हणालो.

ती घाबरली. वाल्मीक तर तिच्या शेजारीच बसलाय म्हणाली. "तू कोन शे रे?"

मी म्हटलं, आई, मी