विहिरीतल्या बाईची वेलांटी

मास्तर, तुमचे विहिरीतल्या बाईचे नाटक परवा ठाण्यात पुन्हा झाले, आणि कोणी घाबरले नाही. तुम्हाला जाऊन तेरा वर्षे झाली, तरी हे आधी तुम्हालाच सांगावे असे दोन दिवस वाटत आहे.

मंडळी नवी, हौस मोठी. तलावाकाठी मांडव घातला होता. सासरच्या विहिरीत जीव दिलेली सून वाटसरूला दिसते तो प्रवेश आला, तेव्हा तांबड्या काचांचे दिवे लागले, शोभेच्या दारूचा धूर सुटला आणि फळीखालून एक इसम टाचेपर्यंत केस सोडून सबंध वर आला. "पाणी दे," तो म्हणाला. धुराने त्याला ठसका लागला. पुन्हा म्हणाला, "पाणी दे." माझ्यापुढे खाडीवरच्या कोळणी बसल्या होत्या. त्यांतली म्हातारी म्हणाली, "द्या रं तिला पानी, घसा सुकलाय बायचा." शेजारीण म्हणाली, "बाय कसली, मिशी बघ तिची." सगळा मांडव हसला. मीही हसलो, आणि मग मला घाम फुटला, कारण मंडळीला नाटकाची नक्कल मी उतरून दिली होती.

तुमच्या स्वयंपाकघराचा उंबरा मला अजून दिसतो. वडील गेल्यामुळे माझी शाळा पाचवीत सुटली आहे, आणि हाताला वळण राहावे म्हणून तुम्ही मला तुमचे मोडीतले नाटक बालबोधीत उतरायला दिले आहे. मोडीत वेलांटी एकच. ऱ्हस्व की दीर्घ हे उतरणाऱ्याने ठरवायचे. मला त्याचीच धास्ती. तुम्ही जेवता जेवता डाव्या हाताने माझी पाने उलटता आहात, आणि एका पानावर थांबता.

"पाणि? पहिली वेलांटी? अरे शहाण्या, पाणि म्हणजे हात. पाणिग्रहण ऐकले नाहीस कधी? पितात ते पाणी. ही विहिरीतली बाई काय त्याच्याकडे हात मागते आहे..."

तुमचा घास हातातच राहिला. मी खरवडायला चाकू काढला होता.

"राहू दे," म्हणालात. "गळ्यापर्यंत पाण्यात असलेल्या बाईला तहान कसली लागते? तिला हातच हवा असणार."

मग कल्याणला शाळेच्या पडवीत तुम्ही आडवी घोंगडी बांधलीत आणि रॉकेलचा एकच दिवा ठेवलात. वाटसरू पोहरा सोडतो. घोंगडीखालून कोपरापर्यंत ओला हात बाहेर येतो. "पाणि दे." कानाला फरक कळत नाही, डोळ्यांना कळतो. पुढे काहीच होत नाही. हात तसाच राहतो, थेंब गळत राहतात. पुढच्या बायकांनी पाय आखडून घेतले. हात आपल्या मुलाचा आहे हे ठाऊक असूनही तुमच्या आई म्हणाल्या, "मेल्या, आत घे तो." त्यानंतर आठवडाभर गल्लीतले कोणी विहिरीवर एकटे गेले नाही.

हाताचे तुम्ही कुठे लिहून ठेवले नव्हते. ती पहिली वेलांटी हीच काय ती खूण. आणि मी आता कचेरीत नकलनवीस आहे. एक काना राहिला तरी शिरस्तेदार पान परत टाकतात. मंडळीसाठी लिहिताना त्या ओळीशी आलो तेव्हा मला सगळे आठवत होते. तरी वाटले, कोणी म्हणेल, याला साधे पाणी लिहिता येत नाही. म्हणून मी दुसरी वेलांटी दिली. तिच्यापायी हात गेला आणि बाईला तहान लागली.

शनिवारी हेच नाटक कल्याणला आहे. ती पडवी पाहिलेली माणसे समोर असणार. आज सकाळी धीर करून मंडळीच्या मालकांकडे गेलो आणि म्हटले, एक वेलांटी चुकली आहे.

"वेलांटीने काय होते हो?" ते म्हणाले. "आम्ही दारू दुप्पट उडवू."

मला बोलून सांगता येईना. त्यांच्या तांब्यात मी हात कोपरापर्यंत भिजवला असता, पण तांब्या लहान होता, मनगटापर्यंतच भिजला. मग खाली बसून, ते बसले होते त्या तक्तपोसाखालून हात पुढे केला आणि तसाच ठेवला. मालकांनी पाय वर घेतले. काही वेळाने म्हणाले, "दिवे नकोत म्हणता?" मी म्हटले, एकच. ही युक्ती कोणाची, असे त्यांनी विचारले. आमच्या मास्तरांची, मी म्हणालो.

घरी येताना फार हलके वाटत होते. हे पत्र कुठे टाकायचे तो पत्ता नाही. तुमच्या बाडात त्याच पानाशी ठेवतो. मंडळीच्या प्रतीत आता खरवडून पहिली वेलांटी दिली आहे, खूण थोडी दिसते. युक्ती ज्या चुकीतून निघाली ती माझी होती हे मात्र मालकांना सांगितले नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे, तेवढे पुरे.