एक जण अजून आत आहे

ता. ३, सोमवार. सकाळी १०.
फोनवाली म्हणाली, मावशी, लॉग ठेवा. तारीख, वेळ, काय झालं ते लिहायचं. म्हटलं ठेवते. कपाटात ही डायरी कोरी पडली होती, ती घेतली. फोनवाली म्हणजे मुख्य ऑफिसातली इंजिनीअर. तोंड अजून पाहिलेलं नाही, आवाज रोज ऐकते. लॉग ती कधी मागत नाही, तेव्हा मी मला हवं ते लिहिणार. चौथीपर्यंत शिकलेय, तेवढं पुरतं. जास्त शिकलेले काय लिहितात ते मी रोज केराच्या टोपलीत बघतेच.

कामाचं एकदा लिहून ठेवते. आमच्या पार्सल ऑफिसात एकोणीस माणसं. टेबलावर नुसता पडदा आणि एक काळी डबी. खरा कॉम्प्युटर तिथे नाहीच. सगळ्यांचे कॉम्प्युटर मागच्या खोलीतल्या दोन उंच मशिनींच्या पोटात. त्यांना होस्ट म्हणायचं. होस्ट म्हणजे यजमान. आणखी काही होस्ट वर क्लाउडवर आहेत. निम्मं खाली, निम्मं वर, म्हणून हायब्रीड. आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, तो टोमॅटो असतो. ह्यांच्याशी काय बोलायचं!

आधी हे टेक्निशियन बघायचा. तो नोकरी सोडून गेला आणि खोलीची किल्ली माझ्याकडे आली, कारण खोली मीच झाडायची. आता लाल दिवा, हिरवा दिवा, हे बटण, ते बटण, सगळं मी. ऑफिस माझ्यावर चालतं म्हटलं तरी चालेल.

निश्चय: १२ तारखेला रजेवर जायचं. लेकीला वीस तारीख दिलीय. पहिलं बाळंतपण, घाबरलीय. म्हणाली, आई, तू जवळ हवीस. म्हटलं, आठ दिवस आधी येऊन बसते. विहीणबाईंनाही कळवलं, मी आल्याशिवाय काही हलवाहलव करू नका.

ता. ४, मंगळवार.
साहेबांनी बोलावलं. खालच्या दोन्ही मशिनी आता बंद करायच्या, सगळी माणसं वर क्लाउडवर. म्हणाले, तुम्ही बाराला खुशाल जा, किल्ली हेडक्लार्ककडे द्या.
हेडक्लार्ककडे! चष्मा डोक्यावर ठेवून टेबलाखाली शोधणारा माणूस! म्हटलं, साहेब, काम पुरं करूनच जाईन. म्हणाले, तुमची मर्जी. म्हणजे त्यांच्याही मनात तेच होतं.
दुपारी अर्धा तास पत्ते. मागच्या खोलीत कोपऱ्यातल्या पडद्यावर टेक्निशियन पत्त्यांचा डाव तसाच उघडा टाकून गेलाय. तो पडदा मी कधी बंद करत नाही. पुन्हा उघडायला पासवर्ड लागतो आणि तो त्याच्याबरोबर गेला. पत्ते लावले की डोकं शांत राहतं. कामासाठीच.

ता. ५, बुधवार. ११ वाजता.
भिंतीवरचा फोन वाजला. इथे मोबाइल लागत नाही, खिडकीसुद्धा नाही, म्हणून भिंतीवर वेगळा फोन दिलाय. फोनवाली म्हणाली, दोन्ही होस्ट ड्रेनवर टाकलेत. ड्रेन संपला की मला सांगा, मग मशीन बंद करायचं आणि मावशी, तुम्ही मोकळ्या.
ड्रेन मला ठाऊक आहे. एसीच्या मागून नळी निघते, तिच्यातून पाणी टपकतं. खाली बादली मीच ठेवलीय. बघितलं, टपकत होतं. सांगितलं, ड्रेन चालू आहे, जोरात. ती खूश झाली. म्हणाली, घाई नको, आपोआप होऊ दे.
आज दोन बादल्या.

ता. ६, गुरुवार.
दोन बादल्या.

ता. ७, शुक्रवार.
दोन बादल्या आणि वर एक तांब्याभर. एवढं पाणी आत होतं आणि टेक्निशियनला पत्ता नाही. माझ्या हातात आलं म्हणून बाहेर पडतंय.
लेकीचा फोन. सासूबाईंनी बाळाचे कपडे धुऊन, घड्या घालून ठेवले म्हणाली. म्हटलं, आत्तापासून कशाला, धूळ बसेल. मी आले की पुन्हा धुईन.

ता. १०, सोमवार.
शनिवार-रविवार सुट्टी. आज आले तर बादली भरून लादीवर तळं. पुसायला तासभर.
फोनवालीला विचारलं, जोर करून थांबवू का? ती घाबरली. नको नको, आत माणसं आहेत, त्यांचं काम जाईल. एसीच्या पाण्यात माणसांचं काम कसं जातं ते मी विचारलं नाही. शिकलेल्या बायका बोलायला लागल्या की आपण हूं म्हणावं.

ता. ११, मंगळवार. दुपारी १.
उद्या निघायचंय. बाकीच्यांनी डोकं चालवलं नाही, मी चालवलं. एसी चालू तोवर ड्रेन चालू. एसी बंद, ड्रेन खलास. सकाळी दहाला एसी बंद केला. साडेबाराला नळी कोरडी. बोट लावून बघितलं.

संध्याकाळी ५.
फोन करून सांगितलं, ड्रेन संपला. ती म्हणाली, मला तर अजून अकरा जण दिसतात. मी म्हटलं, इथे या आणि बोट लावून बघा.
तेवढ्यात मशिनी किंचाळायला लागल्या. लाल दिवे. खोली भट्टीसारखी तापली. बाहेर टेबलांवरचे पडदे काळे, साहेब धावत आले. मी एसी लावला, खोक्याचा पुठ्ठा फाडून अर्धा तास मशिनींना वारा घातला. बंद पडता पडता थंडावल्या, पडदे परत आले. मी नसते तर आज ऑफिसला टाळं लागलं असतं.
फोनवालीने मग बादलीचं सगळं खोदून विचारलं. सांगितलं. बराच वेळ ती नुसती खोकत होती. मग समजावलं. ड्रेन म्हणजे नवीन माणूस आत घ्यायचा नाही, आहेत ते आपापले उठून जाईपर्यंत थांबायचं.
मग तसं सांगायचं ना! पाहुण्यांना निरोप द्यायला मोरीचा शब्द कशाला? चूक तिची आहे. मी बोलले नाही, लहान आहे.

ता. १२, बुधवार.
गेले नाही. अकरा माणसं आत सोडून कशी जाणार? लेकीला कळवलं, पंधराला नक्की. ती म्हणाली, बरं. नुसतं बरं. साहेब म्हणाले, किल्ली द्या आणि जा हो. नाही दिली.

ता. १३, गुरुवार.
मला आता सगळं समजलंय. लोक पडदा बंद करून घरी जातात आणि समजतात, आपण निघालो. निघालेले नसतातच. आतलं सगळं चालूच. खुर्चीवर कोट टाकून गेल्यासारखं. साइन आउट दाबलं तरच माणूस खरा बाहेर. मग दुसऱ्या दिवशी तो आपोआप क्लाउडवर उघडतो, त्याला कळतही नाही.
झाडू घेऊनच टेबलाटेबलावर गेले. दाबा. माझ्यासमोर दाबा. एक म्हणाला, मावशी, काम चाललंय. म्हटलं, मी पाय उचलायला सांगते तेव्हाही तुमचं कामच चाललेलं असतं.
अकराचे सहा झाले.

ता. १४, शुक्रवार.
तक्रारी घेणारी बाई रडायला आली. तिने चाळीस खिडक्या उघडून ठेवल्यात, बंद केल्या तर सापडणार नाहीत म्हणे. मी शेजारी स्टूल टाकून बसले. एकेक बंद करायला लावली. चाळीसातल्या सव्वीस साड्यांच्या निघाल्या. कुणाला सांगणार नाही म्हटलं. इथे लिहिलं तर काय, हे कोण वाचतंय!
तीन उरले. सोमवारी खलास. लेकीला कळवलं, पंधरा नाही, अठरा. तिने विचारलं, आई, तिथे तुझ्याशिवाय खरंच अडतं का गं? म्हटलं, अगं, दोन होस्ट माझ्या एकटीच्या अंगावर आहेत.

ता. १७, सोमवार.
दोघांना सकाळीच उठवलं. एक होस्ट पूर्ण रिकामा, बटण मी माझ्या हाताने दाबलं. दुसऱ्यावर एक जण अजून आत आहे. फोनवालीच्या यादीत त्याचं नाव नुसतं टेम्प. म्हणजे कुणी तात्पुरता. म्हटलं, काढा बखोट धरून. ती म्हणाली, पडून असता तर कधीच काढला असता. पण रोज दुपारी दोन ते अडीच काम चालू दिसतं. काहीतरी महत्त्वाचं असेल, न साठवलेलं. मालक शोधा, त्याला विचारा, मग काढते.
रोज नेमाने काम करणारा माणूस, या ऑफिसात! मला तर एकही आठवेना.

ता. १८, मंगळवार.
हेडक्लार्कवर माझा संशय होता. तोंडावर विचारलं, दुपारी दोनला काय करता? खालमानेने म्हणाला, डुलकी घेतो. खरं बोलला, घोरताना ऐकलंय. यादीतून वगळला.
मग ऑफिसच्या मधोमध उभी राहिले. म्हटलं, जो कोणी आत बसलाय त्याने मुकाट्याने उठावं. माझी लेक डोळे लावून बसलीय आणि एका माणसाच्या हट्टापायी मी त्या बर्फाच्या खोलीत कोंडलेय. सगळ्यांनी पडद्यात माना घातल्या. एवढी निगरगट्ट माणसं.
साहेब म्हणाले, मावशी, हात जोडतो, किल्ली टेबलावर ठेवा आणि गाडी पकडा. आता शेवटच्या घटकेला? सगळं मी केलं आणि नाव हेडक्लार्कचं होणार?
निश्चय: एकोणीसला, टेम्प सापडो न सापडो.

ता. १९, बुधवार.
सापडला नाही. दोन वाजता सगळ्या टेबलांवरून फिरले. प्रत्येकाच्या मागे उभी राहिले. फोनवाली म्हणाली, आज अजून हलला नाही. मला बघून दबकला असणार. पावणेतीनला थकून खोलीत आले, दार आपोआप लागलं, शाल गुंडाळून जरा डाव मांडला. नंतर फोनवाली म्हणते, मावशी, तीनला सुरू झाला होता तो. म्हणजे माझ्यावर पाळत ठेवून आहे. मी आत गेले की हा बाहेर कामाला लागतो!
लेकीने सांगितलं, कंबर दुखतेय. म्हटलं, ते असतंच. उद्या संध्याकाळच्या गाडीत बसते.

ता. २०, गुरुवार. दुपारी ४.
जसं झालं तसं लिहिते.
एकपासून आत होते. ठरवलं, आज टेबलं फिरायची नाहीत, फोनवालीलाच फोनवर धरून ठेवायचं. ती तिकडून सांगेल, मी दार उघडून झडप घालीन. एका कानाला फोन, रिकाम्या हाताने डाव. नुसतं बसून काय करायचं?
बदामाची सत्ती इस्पिकच्या अठ्ठीवर ठेवली. ती म्हणाली, हलला. मी दाराकडे बघितलं, हात थांबला. ती म्हणाली, थांबला. मी किलवरचा गुलाम उचलला. म्हणाली, हलला. ठेवला. म्हणाली, थांबला.
मी गुलाम पुन्हा उचलला. हलला, म्हणाली.
मी पडद्याकडे बघितलं. ती हॅलो हॅलो करत होती. मग म्हटलं, सापडला. तिने विचारलं, कोण? म्हटलं, नाव विचारू नका, बाळबच्चेवाला माणूस आहे, मी समज दिलीय. तिने विचारलं, काय काम करत होता? म्हटलं, होतं थोडं. आटोपत आलं होतं.
साइन आउट दाबायचं होतं. तीन पत्ते राहिले होते. खोटं कशाला लिहू, आधी ते लावले.
मग दाबलं. ती म्हणाली, शून्य झाले, मावशी, आता बंद करा. बटण दाबलं. खोलीत एकदम काही आवाजच राहिला नाही. एवढे दिवस घरघर होती हेसुद्धा तेव्हा कळलं.
बाहेर आले आणि पर्समध्ये मोबाइल वाजायला लागला, थांबेचना. जावयाचे सात कॉल, लेकीचे दोन. पहिला एक वाजून दहा मिनिटांचा.

ता. २१, शुक्रवार. सकाळी ९.
मुलगी झाली. काल दोन वाजून वीस मिनिटांनी. दोघी सुखरूप. फोटोत कपाळ माझ्यासारखं दिसतंय, ह्यांना तसं वाटत नाही.
टेम्पनेच सगळा घोटाळा केला. टेक्निशियनने जाताना त्याला नीट बंद केलं असतं तर मी बाराला पोचले असते. तारखाही डॉक्टर अंदाजाने देतात.
किल्ली साहेबांना दिली. फोनवर बोलता बोलताच त्यांनी ती ड्रॉवरमध्ये टाकली. रजेचा अर्ज बघितला आणि म्हणाले, अहो, ही तर चार तारखेलाच मंजूर केली होती.
लेकीला फोन लावला. आवाज दमलेला, पण रागावलेली नव्हती. रागावली असती तर मी गप्प बसवली असती. म्हटलं, संध्याकाळच्या गाडीने निघते. ती म्हणाली, घर भरलंय गं सध्या, झोपायची पण पंचाईत आहे. मग विचारलं, मग कधी येऊ? आजवर कुठे जाताना मी हे कुणाला विचारलेलं नाही.
ती म्हणाली, थांब हं, आईंना विचारून सांगते.
मी म्हटलं, अगं विचार की, ऐकतेय ना मी.
 फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. मग लांबून तिची हाक ऐकू आली. अहो आई.